फिक्स चाकाची सायकल

कुंदनचा डावा पाय वाचला हेच मोठं नशीब, असं सगळे म्हणायचे आणि कुंदनही मान डोलवायचा. न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात तो कामाला होता. दोन वर्षांपूर्वी मागे येणाऱ्या ट्रेलरने त्याला लोखंडी खांबाशी दाबलं. मांडीचं हाड जुळून आलं, जखमा भरल्या, पण गुडघ्यावरच्या स्नायूंकडे जाणारी नस काही पूर्ववत झाली नाही. गुडघा वाकायचा. वाकलेला गुडघा जोर लावून सरळ करायचा म्हटलं, की तो पाय त्याचं ऐकायचाच नाही.

काठी घेऊन चालता येत होतं. यार्डाचं काम सुटलं, तेव्हा पळस्प्याजवळच्या एका गोदामाच्या गेटवर गाड्यांचे नंबर टिपायचं बसकं काम मिळालं. उरणचं घर सोडून तो आणि त्याची बायको भावना करंजाड्याला भाड्याने राहायला आली, कारण पनवेलचा दवाखाना तिथून जवळ पडत होता. भावना लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. दोघांचं तसं बरं चाललं होतं. फक्त सायकलचा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

अपघाताआधी दर रविवारी उजाडताना कुंदन सायकल बाहेर काढायचा. उरणहून चिरनेरमार्गे कर्नाळ्याची खिंड चढून जेवायच्या वेळेला परत. भावना चिडायची, पण डबा भरून द्यायची. तो हॉस्पिटलात असतानाच तिने ती सायकल आपल्या भावाला देऊन टाकली. घरी आल्यावर कुंदनने दाराबाहेरची मोकळी जागा बघितली आणि काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या इमारतीच्या जिन्याखालचा पसारा काढायचं ठरलं. मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे हलवल्यावर मागे एक सायकल सापडली. पातळ टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल असलेली, जुनी रेसची सायकल. तिसऱ्या मजल्यावरचे सत्यजीत राणे बोटीवर इंजिनियर होते. त्यांनी ती कधीतरी जपानच्या एका बंदरात जुनीच घेतली होती.

"घेऊन जा रे," ते म्हणाले. "माझ्याकडून काही आता चालणार नाही ती." आणि मग त्यांचं लक्ष कुंदनच्या काठीकडे गेलं नि ते ओशाळले.

कुंदनने टायरमध्ये हवा भरली. भावना शाळेत गेलेली होती. इमारतीमागच्या गल्लीत त्याने उजव्या पायाने जोरात पेडल मारलं. सायकल पुढे गेली, डावं पेडल वर आलं आणि वरच राहिलं. वाकलेला गुडघा ते खाली दाबू शकेना. उजवा पाय तळाला, डावा माथ्याला, दोन्ही अडकले. सायकल थोडी घरंगळली, मंदावली आणि डावीकडे कलली. डावा पाय टेकला, पण त्याने वजन पेललं नाही. वॉचमनने धावत येऊन त्याला उठवलं. कुंदनने कपडे झटकले आणि घरी कोणाला सांगू नको म्हणून त्याला बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो फिजिओथेरपीला गेला. तिथली आयत ही पंचविशीतली मुलगी होती, बोलायला मऊ पण व्यायामात एक फेरी कमी करू न देणारी. तिने नेहमीप्रमाणे त्याला व्यायामाच्या सायकलवर बसवलं. ते मशीन जागच्या जागी फिरायचं. त्याला पुढे जड लोखंडी चाक होतं. कुंदन पेडल मारत होता आणि अचानक थांबून खाली बघायला लागला.

"आयत, इथे माझा डावा पाय फिरतोय. सायकलवर का नाही फिरत?"

"तुम्ही सायकल चालवलीत?" तिने भुवया उंचावल्या.

"ते नंतर बोल. हे का फिरतंय ते सांग."

आयत वाकून बघत म्हणाली, "इथे चाक आणि पेडल एकत्र बांधलेत. उजव्या पायाने तुम्ही चाकाला वेग देता, मग ते चाकच तुमच्या डाव्या पायाला वरून खाली आणतं. साध्या सायकलला फ्रीव्हील असतं, कुंदनदादा. चाक एकटंच फिरतं, पेडल थांबलं तरी चालतं."

"मग फ्रीव्हील नसलेली सायकल असते?"

"ते माझ्या अम्मीला विचारा," आयत हसून म्हणाली. "सायकलचं दुकान तिचं आहे."

पनवेलच्या मोहल्ल्यातलं ते दुकान म्हणजे एक शटर, बाहेर लटकलेले टायर आणि आत ग्रीसचा वास. आयतची आई कुलसुम छप्पन वर्षांची होती. नवरा कुवेतला कामाला गेला, तेव्हा ती सासऱ्यांच्या हाताखाली पंक्चर काढायला बसायची; पुढे सासरे कमरुद्दीन यांची नजर गेली आणि दुकान तिच्याकडेच आलं. नवरा अजून तिकडेच होता. सासरे शहाऐंशी वर्षांचे झाले होते, आतल्या खोलीत खाटेवर बसून असायचे.

तिने सायकल उलटी करून चाक फिरवलं, साखळीवरचा गंज नखाने खरवडला. "चीज चांगली आहे, कुंदनभाऊ. सांगाडा मजबूत आहे. हे बघा, मागच्या चाकाची खाच आडवी आहे. आता नवीन सायकलींना उभी असते. आडवी असली की चाक मागे ओढून साखळी ताणता येते. तुम्हाला पाहिजे ते हिच्यातच होईल."

"तुम्ही आधी केलीय अशी?"

"मी लग्न होऊन आले होते तेव्हा मैदानात एक माणूस आला होता. सात दिवस सायकलवरून उतरायचं नाही, त्यावरच आंघोळ, त्यावरच जेवण. उलटी पण चालवायचा. त्याची सायकल फिक्स होती, फ्रीव्हील नसलेली. ती आमच्याच दुकानात बनली, अब्बांनी बनवली. मी दिवा धरून उभी होते." तिने पाना उचलला. "फ्रीव्हीलला वेल्डिंग मारायचं, काम झालं."

गियरच्या तारा निघाल्या, साखळी सरकवणारे दोन्ही भाग निघाले, मागच्या पाच दातेरी चकत्यांची एकच उरली. साखळीच्या कड्या काढून तिने ती तोकडी केली. शेजारच्या ग्रिलवाल्याने फ्रीव्हीलला चार टाके मारले. चौथ्या दिवशी सायकल स्टँडवर चढवून कुंदनला वर बसवलं. निसटू नये म्हणून डावं पाऊल जुन्या ट्यूबच्या पट्टीने पेडलला सैलसर अडकवलं. उजव्या पायाने त्याने पेडल दाबलं, मागचं चाक गुरगुरलं आणि डावा गुडघा वर आला, माथ्यावर क्षणभरही न थांबता खाली गेला. पुन्हा वर आला. पुन्हा खाली.

कुंदन बराच वेळ नुसता फिरवत राहिला. कुलसुमनेही थांबायला सांगितलं नाही.

आयतने अट घातली होती: दोन आठवडे फक्त स्टँडवर, रस्त्यावर जायचं ते तिच्यासमोर. कुंदनने सहा दिवस कळ काढली. भावनाला तो रोज सांगायचा की व्यायामाला चाललोय, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सातव्या दिवशी दुपारी कुलसुम नमाजला आत गेली होती. कुंदनने स्टँडवरून सायकल उतरवली, दुकानाच्या पायरीचा आधार घेऊन तिच्यावर बसला आणि निघाला.

उरण नाक्यापर्यंत तो जणू हवेत होता. रिक्षावाले हॉर्न मारत होते, मासळीवाल्या बायका टोपल्या सावरत होत्या आणि त्यांच्यामधून दोन्ही पायांनी तो चालला होता. आता परत फिरावं असं त्याला वाटलं नाही. तसंच घरी जाऊन भावनासमोर उभं राहावं, असं डोक्यात आलं. गाढी नदीच्या पुलावरून उतार लागला, सायकलने वेग घेतला, पेडलं त्याच्या पायांपेक्षा जलद फिरायला लागली. वेग कमी करायला त्याने उजव्या पायाने पेडल मागे दाबून धरलं. एक खट्ट आवाज झाला. मग पायाखालचं सगळं ढिलं पडलं. पेडलं मोकळीच उलटी फिरली, आणि चाक मात्र खाली धावतच राहिलं. त्याने पुढचा ब्रेक दाबला. ब्रेकचे रबर वर्षानुवर्षं पडून दगडासारखे झाले होते. रस्त्याच्या कडेला खडी पडली होती, त्यात तो डाव्या अंगावर आपटला.

हाड मोडलं नाही. कोपर सोललं, डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. ज्या टेम्पोवाल्याने त्याला घरी आणलं, त्यानेच सायकलही आणून जिन्याशी टेकवली.

भावनाने दार उघडलं. आधी तिने गुडघा बघितला, मग सायकल. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. मग म्हणाली, "किती दिवस चाललंय?"

"दोन आठवडे."

"आन् मला सांगायचा नाय."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हनालीच असती!" तिचा आवाज फाटला. "तुमाला आयशीयूच्या काचेतून मी बघितलाय. तुमी नाय बघितला स्वताला. तुमाला काय म्हाईत हाय?"

कुंदनने दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उशीवर ठेवला.

कुलसुमला आयतकडून कळलं. तिने माणूस पाठवून सायकल दुकानात आणवली, चाक काढलं आणि बघितलं. वेल्डिंग शाबूत होतं. पण वेल्डिंग केलेलं आख्खं फ्रीव्हील चाकाच्या मधोमध असलेल्या हबवरून सैल होऊन निघून आलं होतं, बाटलीचं झाकण निघावं तसं. ती ते हातात घेऊन बराच वेळ बसली. मग उठून आतल्या खोलीत गेली. ते तिला जड गेलं, कारण गेली पंधरा वर्षं तिने सासऱ्यांना कामातलं काही विचारलं नव्हतं. नजर गेलेल्या माणसाला विचारून काय उपयोग, असं लोकांना सांगायची. खरं तर मला सगळं येतं हे तिला टिकवायचं होतं.

"अब्बा, हे बघा जरा."

कमरुद्दीन यांनी चाक मांडीवर घेतलं. बोटं हबवरून फिरली, आट्यांवर थांबली. "फिक्स केलंस?"

"हां. त्या सात दिवसवाल्यासारखं. पायाने अधू माणूस आहे, तो पडला, अब्बा."

"याला मागून रोखायला काय लावलंस?"

"काही नाही. वेल्डिंग मारलं."

म्हाताऱ्याने थोडा वेळ मान हलवली. रागावले नाहीत. "बेटा, डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात?"

कुलसुमने डोळे मिटले. हे तिला पहिल्या महिन्यातच शिकवलेलं होतं. "फिरता फिरता सुटू नये म्हणून."

"हे पण तसंच. पुढे मारलं की कसतं, मागे दाबलं की सुटतं. त्या माणसाच्या सायकलला मी वरून आणखी एक रिंग कसली होती. तू तेव्हा दिवा ठेवून चहा करायला गेली होतीस." मग ते म्हणाले, "पण ते पण जुगाडच होतं. हा माणूस पायाने अधू आहे म्हणतेस, मग जुगाड नको. रेसवाल्यांचं हब येतं, त्याला उलट्या आट्यांची रिंग असते. मुंबईला मिळेल. ते आण."

कुलसुम आधी करंजाड्याला गेली. भावनाने दार उघडलं पण आत या म्हणाली नाही.

"मी सायकलवाली," कुलसुम म्हणाली. "गलती माझी आहे. त्यांनी घाई केली हे खरं, पण चाक सुटलं ते माझ्या कामामुळे. हे तुमच्यासमोर सांगायला आले."

भावनाने तिच्याकडे नीट बघितलं. काळवंडलेली नखं, डोक्यावरून घेतलेली ओढणी, हातात कसलीतरी पिशवी. "तुमी त्यांना नाय म्हनायला पायजे व्हतं."

"नाही तरी म्हणायला पाहिजे होतं, नाही तर नीट करायला पाहिजे होतं. मी दोन्ही नाही केलं."

हे ऐकून भावना बाजूला झाली. कुंदन आत पाय उशीवर ठेवून बसला होता. चहा झाला. कुलसुमने सासऱ्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं आणि शेवटी भावनाला म्हणाली, "मी नवीन हब घालून चाक परत बांधणार आहे. दुकानात येऊन तुम्ही स्वतः तपासा. तुम्ही नको म्हणालात तर सायकल तिथेच राहील, कुंदनभाऊंना मी हात लावू देणार नाही."

"आन् त्यांनी ऐकला नाय तर?"

"ऐकीन," कुंदन म्हणाला.

कुलसुम गेल्यावर भावना कप विसळत उभी होती. पाठ त्याच्याकडेच ठेवून तिने विचारलं, "तुमची पयली सायकल कुठं गेली, कधी विचारली का नाय?"

"मला माहीत होतं ना."

"मला वाटला, दिसली नाय तर इसराल."

"मी विसरायचा खूप प्रयत्न केला, भावना," तो म्हणाला. "खरंच केला."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला आणि येऊन त्याच्या पायापाशी बसली. गुडघ्यावरचा बर्फ वितळला होता, तो तिने बदलला.

मुंबईहून हब आणायला कुलसुम स्वतः गेली. छत्तीस तारा एकेक करून नव्याने ओवल्या. चाक बांधताना तिने सासऱ्यांची खाट उचलून दुकानात आणली. कमरुद्दीन तारा बोटाने छेडायचे आणि आवाजावरून सांगायचे, "ही ढिली. पुढची. हां, आता तिच्या समोरची अर्धा फेरा." तिला डोळ्यांनी सरळ दिसलेलं चाक त्यांना दोनदा कानाने वाकडं सापडलं. शेवटी चकती बसली आणि तिच्यावर उलट्या आट्यांची रिंग. दोन्ही ब्रेकना नवे रबर लागले. "पायाने सायकल थांबते म्हणून ब्रेक नको, असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका," कुलसुमने बजावलं.

सूज उतरायला महिना गेला. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर भावना दुकानात आली. आयतही सुट्टी काढून आली होती. सायकल स्टँडवर होती. कुलसुमने मागचा टायर दोन फळ्यांमध्ये घट्ट दाबून धरला आणि भावनाला म्हणाली, "पेडलवर उभ्या राहा. मागे आलेल्या पेडलवर, म्हणजे ते उलटं दाबलं जाईल. पूर्ण वजन टाका."

भावनाने साडी खोचली, कुलसुमच्या खांद्याचा आधार घेतला आणि पेडलवर चढली. हबमध्ये हूं की चूं झालं नाही. तिने खाली उतरून पुन्हा चढून बघितलं. तिसऱ्यांदा तर उडीच मारली. कुलसुम फळ्या धरून घामाघूम झाली, पण चकती जागची हलली नाही.

"बसा आता तुमी," भावना कुंदनला म्हणाली.

तो बसला. आयतने पट्टी अडकवली. चाक फिरायला लागलं आणि भावना खाली वाकून त्याच्या डाव्या गुडघ्याकडे बघत राहिली. हा गुडघा तिने दोन वर्षं रोज तेल लावून चोळला होता, उशीवर ठेवला होता, आणि सरळ होताना कधी बघितला नव्हता. आता तो सरळ होत होता, वाकत होता, सरळ होत होता.

"हा त्याच्या ताकदीवर चाललाय का चाकाच्या?" तिने आयतला विचारलं.

"बहुतेक चाकाच्या," आयत खरं तेच बोलली. "थोडा त्याच्या. तो थोडा वाढेल. पहिल्यासारखा होईल असं मी नाही म्हणणार."

भावनाने मान डोलवली. हे उत्तर तिला पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच कुंदनला उठवलं.

करंजाड्यात अजून इमारती न झालेल्या भागात रुंद, मोकळे, सपाट रस्ते आहेत. रविवारी सकाळी तिथे चार-दोन कुत्री आणि गाडी शिकणारे लोक, एवढंच. कुंदन फूटपाथला उजवा पाय टेकून सायकलवर बसला. भावनाने सीट मागून धरली.

"सोडू नको इतक्यात."

"नाय सोडत."

त्याने पेडल मारलं. ती बाजूने धावू लागली, दहा पावलं, वीस पावलं, पदर सुटला, चप्पल निघाली, तरी धावत राहिली. डावा पाय वर आला, खाली गेला. "सोड," तो म्हणाला, तेव्हा तिने आधीच सोडलेलं होतं.

तो चौकापर्यंत गेला, वळून परत आला आणि तिच्यासमोरून तसाच पुढे गेला. "थांबा की!" ती ओरडली. "अगं, ही थांबूच देत नाही!" तो ओरडला, आणि इतका हसला की हँडल लटपटलं. दुसऱ्या फेरीला त्याने हळूहळू ब्रेक दाबले, फूटपाथशी उजवा पाय टेकला आणि धापा टाकत थांबला. भावना एका पायात चप्पल घालून त्याच्याकडे आली.

"दुखतोय पाय?"

"हो."

"लई?"

कुंदनने डाव्या मांडीवर हात ठेवला. कातड्याखाली काहीतरी थरथरत होतं, दोन वर्षं जिथे काहीच कळत नव्हतं तिथे. त्याने तिचा हात धरून तिथे ठेवला.

ती थरथर तिच्या तळव्याला लागली. मग म्हणाली, "माझी चप्पल पडलीय तिकडं. ती घेऊन येते, मग अजून एक फेरी मारा."